एकॅस हेल्पलाइन: फर्लोवर असताना राजीनामा देण्याआधी मी इथे फोन केला

पाचपैकी पाच स्टार देतेय, आणि का देतेय ते सविस्तर सांगते. जुलै २०२१ संपत आला होता, १९ तारखेला इंग्लंडमधली करोनाची बहुतेक बंधनं उठली, पब म्हणू नका, हॉटेलं म्हणू नका, गोदामं म्हणू नका, जिकडे बघावं तिकडे माणसं हवीत असे बोर्ड लागले होते, आणि इथल्या मराठी लोकांतले बरेच जण अजून फर्लोवर, म्हणजे करोनात काम बंद म्हणून सरकारी स्कीममधून पगाराचे ८० टक्के घेत, घरी बसून दुसरीकडे अर्ज टाकत होते (ती स्कीम सप्टेंबर २०२१ अखेर संपली). मंडळाच्या ग्रुपवर, मुलांच्या शाळेच्या गेटवर, जो भेटायचा तो हेच विचारायचा की फर्लोवर असताना राजीनामा दिला तर नोटीसच्या महिन्याचा पगार किती मिळणार, ८० टक्के, पूर्ण, का काहीच नाही. मला हा प्रश्न त्याच वर्षी मार्चमध्ये पडला होता आणि त्याचं नीट उत्तर मला एकॅसच्या हेल्पलाइनवर मिळालं, एक पेनी फी न देता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एकॅस ही १९७५ पासून चालणारी सरकारी पैशावरची पण स्वतंत्र संस्था आहे, मालक आणि नोकर यांच्यात भांडण झालं की मध्यस्थी करणं हे तिचं मूळ काम. हेल्पलाइन दोघांसाठीही असते, म्हणजे तुम्ही जसा फोन करता तसा तुमचा मॅनेजरसुद्धा करू शकतो. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी ही सेवा आहे, बेलफास्टकडे कोणी असेल तर तिथे लेबर रिलेशन्स एजन्सी म्हणून वेगळी संस्था आहे. नाव सांगायची सक्ती नाही, कंपनीचं नावही सांगायची गरज नाही, आणि तुम्ही फोन केलात हे तुमच्या ऑफिसला कळत नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या बायकांना हीच भीती जास्त असते की एचआरला कळलं तर रेफरन्स खराब देतील.

माझी केस सांगते म्हणजे सेवा कशी आहे ते कळेल. मी हीथ्रोजवळच्या एका हॉटेलात रिझर्व्हेशनला होते, चार वर्षं पूर्ण झालेली. मार्च २०२० मध्ये विमानं बंद, हॉटेल बंद, आणि २० मार्चला तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी टीव्हीवर येऊन स्कीम जाहीर केली की पगाराच्या ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पाउंड, सरकार देईल. तेव्हा ती तीन महिन्यांसाठी होती. जुलैपासून पार्टटाइम फर्लो सुरू झाला तेव्हा थोडे दिवस कामावर बोलावलं, नोव्हेंबरच्या लॉकडाऊनला परत घरी. त्या काळात स्कीमच्या तारखा इतक्या वेळा बदलल्या, ऑक्टोबर अखेर, मग डिसेंबर, मग मार्च, मग एप्रिल, आणि २०२१ च्या ३ मार्चच्या बजेटमध्ये सप्टेंबर अखेर, की आपली नोकरी आहे का नाही हेच माणसाला कळेना. मला घरपोच किराणा पोचवणाऱ्या एका कंपनीत डिलिव्हरीच्या वेळा ठरवायच्या टीममध्ये नोकरी मिळाली, आणि राजीनामा द्यायच्या आधी मी सहज एचआरला फोनवर विचारलं की नोटीसचं कसं करायचं.

तर त्यांनी मला सांगितलं, डिसेंबरपासून नियम बदललाय, नोटीसवर असलेल्या माणसासाठी कंपनीला सरकारकडून काही मिळत नाही, त्यामुळे तुमचा नोटीसचा महिना बिनपगारी धरावा लागेल, आणि ज्या रजा शिल्लक आहेत त्या त्यातच संपतील. बोलायला अगदी गोड, पण हिशोब बघा, चार वर्षं काम केल्यावर जाताना तोंडाला पानं पुसायचा प्रकार.

यातला पहिला भाग खरा होता, आणि तिथेच माणूस फसायचा. १ डिसेंबर २०२० पासून कंपनीला नोटीस पीरियडमधल्या एकाही दिवसासाठी फर्लोचा क्लेम करता येत नव्हता, मग नोटीस कंपनीने दिलेली असो, तुम्ही दिलेली असो का रिटायरमेंटची असो. त्याच्या आधी करता यायचा. पण सरकार कंपनीला पैसे देत नाही याचा अर्थ कंपनीने तुम्हाला द्यायचे नाहीत असा होत नाही. सरकार आणि कंपनी यांच्यातला हिशोब वेगळा, कंपनी आणि तुम्ही यांच्यातलं काँट्रॅक्ट वेगळं. हे एक वाक्य हेल्पलाइनवरच्या बाईंनी मला इतक्या शांतपणे सांगितलं की डोक्यावरचं ओझंच उतरलं.

आता फोनचा अनुभव. मला वाटलं होतं कोणीतरी वेबसाइटवरचंच वाचून दाखवेल. तसं अजिबात झालं नाही. त्यांनी आधी प्रश्न विचारले. कधी जॉइन झालात, काँट्रॅक्टमध्ये नोटीस किती लिहिलीय, तुमच्याकडून किती आणि कंपनीकडून किती, राजीनामा लेखी दिलाय का अजून, कंपनीत रिडंडन्सीची (काम उरलं नाही म्हणून माणसं कमी करण्याची) काही कुजबूज आहे का, फर्लोचं पत्र मिळालं होतं का, आणि ते आत्ता समोर आहे का. समोर होतं. मग म्हणाल्या, पगार कमी करण्याबद्दलचा परिच्छेद मला वाचून दाखवा, घाई करू नका. मी किचनच्या ओट्याला टेकून ते इंग्रजी कायदेशीर वाक्य सावकाश वाचलं, त्याचा अर्थ असा होता की जोपर्यंत कंपनी तुमच्यासाठी स्कीममधून अनुदान घेतेय तोपर्यंत तुम्ही ८० टक्के पगार मान्य करता. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, आणि अनुदान घेणं थांबलं की पगाराचं काय होतं, त्याबद्दल पत्रात पुढे काही आहे का? नव्हतं. त्या म्हणाल्या, मग तुमचा मूळ पगार कमी करायला संमती कुठे आहे ते कंपनीला लेखी विचारा.

बस, एवढंच. त्यांनी मला तुम्ही जिंकाल असं सांगितलं नाही, कंपनी चूक आहे असंही म्हणाल्या नाहीत, तसं त्या सांगतच नाहीत, कारण एकॅस कोणाची बाजू घेत नाही आणि वकिली सल्लाही देत नाही. पण कुठल्या कागदातलं कुठलं वाक्य बघायचं ते दाखवलं. माझ्या मते याच्यासाठीच फोन करावा.

त्यांनी १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टचा उल्लेख केला होता, तो मी नंतर नेटवर वाचला, सरकारच्या कायद्यांच्या साइटवर सगळा फुकट आहे, कलम ८६ ते ९१. त्यातली गंमत सांगते, कारण ही माहिती मला आपल्या एकाही माणसाकडून मिळाली नव्हती. महिनाभराच्या वर नोकरी झाली असेल तर कायद्याने तुम्ही कमीत कमी एक आठवड्याची नोटीस द्यायची, काँट्रॅक्टमध्ये जास्त लिहिली असेल तर तेवढी. कंपनीने काढायचं असेल तर दोन वर्षांपर्यंत एक आठवडा, पुढे पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला एक आठवडा, जास्तीत जास्त १२. आता कायदा असं म्हणतो की या कायदेशीर नोटीसच्या काळात तुम्ही काम करायला तयार असाल आणि कंपनीकडे काम नसेल तरी पूर्ण पगार द्यायचा, आजारी असलात किंवा रजेवर असलात तरी. पण तुम्ही स्वतः राजीनामा दिला तर हे संरक्षण फक्त त्या एका आठवड्यापुरतं, बाकीच्या आठवड्यांना काँट्रॅक्ट आणि फर्लोचं पत्र काय म्हणतं ते बघायचं. आणि अजून एक मेख आहे. काँट्रॅक्टप्रमाणे कंपनीने तुम्हाला द्यायची नोटीस ही कायद्याच्या नोटीसपेक्षा एक आठवडा किंवा त्याहून जास्त मोठी असेल, तर हे संरक्षण लागूच होत नाही. माझं बघा, चार वर्षं म्हणजे कायद्याने चार आठवडे आणि काँट्रॅक्टमध्ये एक महिना, फरक आठवड्याहून कमी, म्हणून मी आत. माझ्या ओळखीचा एक मुलगा मिल्टन कीन्सला आहे, त्याची दोन वर्षं झालेली आणि काँट्रॅक्टमध्ये दोन्हीकडून तीन महिने, तो बाहेर. म्हणजे ज्याची नोटीस मोठी त्याला कायद्याचा आधार कमी. ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे, त्यामुळे शेजारणीला पूर्ण पगार मिळाला म्हणून मलाही मिळेल असं धरून चालू नका.

कंपनीने काढलं तर मात्र ३१ जुलै २०२० पासून वेगळा नियम आला होता, रिडंडन्सीचे पैसे आणि कायदेशीर नोटीसचा पगार हा फर्लोच्या ८० टक्क्यांवर न काढता तुमच्या नेहमीच्या पगारावर काढायचा. हा नियम चांगला होता, पण राजीनामा देणाऱ्यांना तो सरसकट लागू होईल असं नव्हतं.

रिडंडन्सीबद्दल त्या बाईंनी का विचारलं ते मला नंतर कळलं. दोन वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला रिडंडन्सीचे पैसे मिळतात, आणि कंपनी महिन्या-दोन महिन्यांत माणसं कमी करणारच असेल तर आत्ता राजीनामा देऊन आपण ते हातचे घालवतो. शिवाय नव्या नोकरीत गेलं की दोन वर्षांचा हिशोब पुन्हा शून्यापासून, तोपर्यंत अन्यायाने काढलं तरी साधी अनफेअर डिसमिसलची केस बहुतेक वेळा करता येत नाही. आणि एकदा दिलेला राजीनामा कंपनीच्या संमतीशिवाय मागे घेता येत नाही. यावर मी आणि नवऱ्याने दोन रात्री बसून विचार केला, आमच्या हॉटेलात तशी काही घोषणा नव्हती आणि नवी नोकरी पक्की होती, म्हणून मी पुढे गेले. रिडंडन्सीची नोटीस आधीच हातात पडली असेल आणि लवकर निघायचं असेल तर त्याची वेगळी लेखी पद्धत आहे, वेळ चुकली तर पैसे जाऊ शकतात, अशा वेळी तर फोन केल्याशिवाय काहीच करू नका.

मग पर्याय काय काय असतात तेही त्यांनी समजावलं. नवी कंपनी म्हणत होती लवकर या, जुनीकडे महिन्याची नोटीस. एक, दोघांच्या संमतीने नोटीस कमी करायची, पण मग कमी केलेल्या दिवसांचा पगार मिळत नाही, आपणच सोडलेला असतो. दोन, काँट्रॅक्टमध्ये पे इन लू ऑफ नोटीसचं कलम असेल तर कंपनी नोटीसऐवजी पैसे देऊन लगेच मोकळं करू शकते, त्यावर टॅक्स नेहमीसारखा कापला जातो, आणि नोकरी त्याच दिवशी संपल्यामुळे दुसऱ्या दिवशी नव्या ठिकाणी जाता येतं. पण हे कंपनीच्या हातात, आपण विचारू शकतो, हक्काने मागू शकत नाही. तीन, गार्डन लीव्ह, म्हणजे घरी बसा, पगार चालू, पण तुम्ही अजून त्यांचेच, नवी नोकरी सुरू करता येत नाही. फर्लोवर घरी बसायची सवय झालेल्या माणसाला गार्डन लीव्ह आणि फर्लो सारखंच वाटतं, पण पगाराच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, गार्डन लीव्हवर काँट्रॅक्टप्रमाणे पूर्ण पगार. म्हणून एचआर जेव्हा म्हणतं की नोटीसमध्ये घरीच राहा, तेव्हा लगेच विचारायचं की हे कशात धरताय, आणि उत्तर ईमेलवर मागायचं.

चौथा पर्याय दोन्ही नोकऱ्या काही दिवस एकत्र करायचा. फर्लोवर असताना दुसऱ्या कंपनीत काम करायला स्कीमची बंदी नव्हती, जुन्या काँट्रॅक्टमध्ये मनाई नसली म्हणजे झालं, आणि फर्लोचे पैसेही त्यामुळे कमी होत नव्हते. आपल्यातल्या कितीतरी लोकांनी २०२० मध्ये सुपरमार्केटमध्ये, गोदामात असं काम केलंय आणि ते पूर्ण कायदेशीर होतं. फक्त नव्या ठिकाणी स्टार्टर चेकलिस्ट (नव्या नोकरीत भरायचा टॅक्सचा फॉर्म) भरताना दुसरी नोकरी आहे हे खरं लिहायचं, मग बीआर टॅक्स कोड लागतो आणि पहिल्या पाउंडापासून २० टक्के कापतात, कारण तुमचा बिनटॅक्सचा भाग, २०२१-२२ मध्ये १२,५७० पाउंड, जुन्या नोकरीकडे लावलेला असतो. पी४५, म्हणजे जुनी नोकरी सुटताना मिळणारा टॅक्सचा कागद, मिळाला आणि नव्या कंपनीला दिला की गाडी रुळावर येते. राजीनामा दिल्यावर मात्र माणूस क्लेममधून बाहेर पडायचा, त्यामुळे नोटीसच्या काळात दुसरीकडे जायचं तर परवानगी परत घ्यायची, आधी फर्लोसाठी घेतलेली चालेल असं धरून चालायचं नाही.

रजेचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण तिथे बहुतेकांचे पैसे जातात आणि कळतही नाही. फर्लोमध्ये रजा साठत राहायच्या. पूर्णवेळ माणसाला वर्षाला ५.६ आठवडे, म्हणजे २८ दिवस, बँक हॉलिडे धरून, हा कायद्याचा किमान हक्क घरी बसलं तरी चालू असायचा. फर्लोवर असताना घेतलेल्या रजेचे पैसे पूर्ण पगाराने मिळायला पाहिजे होते, ८० टक्क्यांनी नाही, वरचे २० टक्के कंपनीने घालायचे. नोकरी सोडताना उरलेल्या कायदेशीर रजांचे पैसे द्यावेच लागतात, आणि तेही नेहमीच्या पगारावर. महिना २,००० पाउंड पगार धरा, एका दिवसाचे साधारण ९२ पाउंड होतात, ८० टक्क्यांनी धरले तर ७४ सुद्धा नाहीत. दहा दिवस शिल्लक असतील तर जवळजवळ १८५ पाउंडांचा फरक, इथल्या एखाद्या कुटुंबाचा महिन्याभराचा भाजी-किराणा त्यात निघतो. कंपनी तुम्हाला नोटीसमध्ये रजा घ्यायला लावू शकते, हे खरं आहे, एचआरने सांगितलं ते अगदीच खोटं नव्हतं, पण त्यासाठी रजेच्या दुप्पट दिवस आधी कळवावं लागतं, पाच दिवसांची रजा लावायची तर दहा दिवस आधी, आणि काँट्रॅक्टमध्ये काही वेगळं असेल तर ते. आणि त्या दिवसांचा पगार पूर्ण. बिनपगारी नोटीसमध्ये रजा गायब, असा प्रकार कुठेच बसत नाही. करोनामुळे ज्यांना २०२० ची रजा घेता आली नाही त्यांना त्यातले चार आठवडे पुढच्या दोन वर्षांत न्यायची सोय तेव्हा होती, ते दिवसही हिशोबात धरायचे होते.

आता मी काय केलं. फोन ठेवल्यावर राजीनाम्याचं पत्र लिहिलं, त्यात शेवटची तारीख स्पष्ट लिहिली, आणि वेगळा एक ईमेल लिहिला, भांडणाचा सूर अजिबात नाही. माझ्या फर्लोच्या पत्रातलं वाक्य जसंच्या तसं टाकलं, लिहिलं की राजीनाम्याच्या तारखेपासून कंपनी माझ्यासाठी अनुदान घेऊ शकत नाही म्हणून पत्राप्रमाणेच ८० टक्क्यांची व्यवस्था संपते, मी नोटीसच्या काळात काम करायला तयार आहे, तेव्हा पूर्ण पगार अपेक्षित आहे, आणि शिल्लक रजेचा हिशोब कृपया पाठवावा. तयार आहे हे लिहिणं गरजेचं, कायद्यात तसंच आहे. नवरा म्हणाला, अगं, एवढं कशाला, जाताना कटुता नको. मी म्हटलं, अहो, भीड भिकेची बहीण, हे माझे कष्टाचे पैसे आहेत. उत्तर यायला वेळ लागला, मधे एकदा पेरोलकडून ८० टक्क्यांचा आकडा आला, मी तोच ईमेल परत पुढे केला. शेवटच्या पेस्लिपवर मूळ पगाराच्या ओळीत पूर्ण आकडा आणि खाली रजेच्या पैशांची वेगळी ओळ, पूर्ण दराने. ते बघून मला जो आनंद झाला तो पैशांइतकाच मान राखला गेला याचा होता.

एक गोष्ट अजून, हीही फार कमी जणांना माहिती होती. डिसेंबर २०२० पासूनच्या महिन्यांसाठी कंपनीने तुमच्या नावावर फर्लोचा क्लेम केलाय का ते एचएमआरसीच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या, पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये तुम्हाला स्वतःला दिसायचं. कंपनी एक सांगतेय आणि तिथे दुसरंच दिसतंय असं झालं तर स्क्रीनशॉट काढून ठेवायचा.

सेवेच्या मर्यादा सांगते, म्हणजे कोणाचा अपेक्षाभंग नको. एकॅस तुमच्या वतीने कंपनीला पत्र लिहिणार नाही, हेल्पलाइनवरचा माणूस तुमच्या एचआरला फोन करणार नाही. ते सगळं तुम्हालाच करायचं. इंग्रजीत ईमेल लिहायची भीती असेल तर घरातल्या किंवा ओळखीतल्या कोणाची तरी मदत घ्या, पण वाक्य साधी ठेवा, फर्लोच्या पत्रातले शब्द तेच ठेवा. फोन सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, शनिवार-रविवार बंद. वेबसाइटवर प्रश्न टाइप करून तयार उत्तरं बघायची सोयही आहे, नोटीस आणि रजेचं पान आधी वाचून मग फोन केला तर तुमचा आणि त्यांचा दोघांचाही वेळ वाचतो. केस गुंतागुंतीची असेल, भेदभाव, आजारपण, गरोदरपण असं काही त्यात असेल, तर फोनवर थांबू नका, सिटिझन्स ॲडव्हाइस (फुकट सल्ला देणारी संस्था) किंवा युनियन गाठा, आणि घराच्या इन्शुरन्समध्ये लीगल कव्हर घेतलेलं असेल तर तेही तपासा, कितीतरी लोकांकडे ते असतं आणि वापरलं जात नाही.

व्हिसावाल्यांसाठी थोडं वेगळं. मी डिपेंडंट व्हिसावर आहे, मला नोकरी बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. पण पुण्या-मुंबईहून आलेली आपली कितीतरी मुलं टिअर टू किंवा डिसेंबर २०२० पासून त्याच्या जागी आलेल्या स्किल्ड वर्कर, म्हणजे कंपनीने स्पॉन्सर केलेल्या, व्हिसावर आहेत, त्यांनी राजीनाम्याआधी नव्या कंपनीचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप आणि नवा व्हिसा अर्ज हे आधी बघायचं, कारण जुनी स्पॉन्सरशिप सुटली की साधारण ६० दिवसांची मुदत हातात राहते. एकॅस इमिग्रेशनचं काही सांगत नाही, त्यासाठी सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे (तेव्हाचं नाव ओआयएससी) नोंदणी असलेलाच सल्लागार धरा. मात्र फर्लोचे पैसे घेतले म्हणजे पब्लिक फंड्स (व्हिसावाल्यांना मनाई असलेली सरकारी मदत) घेतले, व्हिसाला त्रास होईल, ही भीती बऱ्याच जणांच्या मनात होती, ती काढून टाका. सरकारने स्पष्ट सांगितलंय की हे पब्लिक फंड्समध्ये धरलं जात नाही.

आणि नव्या नोकरीत जाऊन परत फर्लो मिळेल या भरवशावर कोणाला राहता येत नव्हतं. १ मे २०२१ पासूनच्या क्लेमसाठी २ मार्च २०२१ पर्यंत त्या कंपनीच्या पेरोलवर नाव गेलेलं हवं होतं. म्हणजे जुलैमध्ये ज्या हॉटेलात किंवा दुकानात कोणी नव्याने जॉइन झालं तिथे पुढे धंदा बसला तर त्याच्यासाठी फर्लो नव्हता. आदल्या वर्षी हेच झालं होतं, फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये नोकरी बदललेली माणसं आधी २८ फेब्रुवारी आणि मग १९ मार्चच्या तारखेत अडकली, जुन्या मालकाने परत घेऊन फर्लो करायची मुभा होती पण बंधन नव्हतं, आणि कितीतरी जणांना मालकाने नाही म्हटलं. कोल्हापूरचा एक मुलगा आमच्या ओळखीचा, नवी ऑफर रद्द झाली आणि जुन्यांनी फोनही उचलला नाही, त्याचे ते महिने आम्ही जवळून बघितलेत. म्हणून नवी कंपनी कशी आहे, काँट्रॅक्ट सही होऊन हातात आलंय का, हे झाल्याशिवाय राजीनामा टाकू नका.

जुलै २०२१ पासून सरकार फर्लोसाठी ७० टक्केच देत होतं, १० टक्के कंपनीच्या खिशातून, ऑगस्ट-सप्टेंबरला सरकारचे ६० आणि कंपनीचे २०. माणसाला मिळणारे ८० टक्के तेच राहिले, पण कंपनीला फर्लो महाग पडायला लागला, आणि माणसाने आपणहून निघून जावं असं काही मालकांना वाटणारच. असा दबाव येत असेल, फोनवर गोड बोलून राजीनामा मागितला जात असेल, तर काही लिहून द्यायच्या आधी एकॅसला फोन करा, नंबर ०३०० १२३ ११००. काँट्रॅक्ट आणि शेवटची पूर्ण पगाराची पेस्लिप समोर ठेवा. आणि पगार कापून झालाच असेल तर ट्रायब्युनलसाठी, म्हणजे नोकरीच्या तक्रारींच्या कोर्टासाठी, तीन महिन्यांत एक दिवस कमी एवढीच मुदत असते, त्याआधी एकॅसकडेच अर्ली कॉन्सिलिएशनची, म्हणजे केसआधीच्या तडजोडीची, नोंद करावी लागते, तीही फुकट आहे, आणि ती चालू असेपर्यंत मुदतीचं घड्याळ थांबतं. कापलेल्या पगाराची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.